घारापुरीच्या आमच्या खानावळीला एक स्टार देणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. जेवण तासाभराने आलं, सुरमई मुंबईच्या भावात लावली आणि शेवटी ‘मालकिणीने अक्षरशः हाकललं’. सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन आलात आणि मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागते.

पण ते ‘हाकललं’ फार लागलं. तुम्ही आलात तेव्हा चार वाजून गेले होते. लेणी बघून येणारी माणसं एक-दीडला जेवतात. चारला आम्ही भांडी घासायला काढतो. तरी तुम्ही सहाजण, सोबत आजी, म्हणून गॅस पुन्हा पेटवला. भाकरी गरमच हवी म्हणालात, ती एकेक थापावी लागते. आधी बोंबील सांगितलेत, मसाला लावून झाल्यावर म्हणालात नको, सुरमई द्या. ते बोंबील बिलात धरलेले नाहीत, बघा हवं तर.

आता उठवण्याचं. गेटवेची शेवटची बोट साडेपाचला सुटते आणि पर्यटकांना बेटावर रात्री राहता येत नाही. आजींना पायऱ्या उतरवायच्या, खाली टॉय ट्रेनची रांग, मग जेटी. म्हणून ‘उठा आता’ म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाज चढला असेल, कारण तुमची मुलं माकडांना वेफर्स देत होती आणि एक माकड शेजारच्यांच्या ताटात उतरलं होतं. ते काही रिव्ह्यूत आलं नाही.

चारी बाजूंनी समुद्र, तरी मासे महाग, असंही लिहिलंत. समोर न्हावा-शेव्याचं बंदर आहे सर. एवढ्या जहाजांच्या वाटेत जाळं कुठे टाकणार? सुरमई काय, तांदूळ, कांदे, सिलिंडर, सगळं होडीने येतं, आणि आणायचं भाडं पडतंच. वीजसुद्धा २०१८ साली समुद्राखालून केबल टाकली तेव्हा आली. त्याआधी संध्याकाळी थोडा वेळ जनरेटर, फ्रीज कुठला! सोमवारी लेणी बंद, म्हणजे धंदा बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीच नाहीत.

चारनंतर काय मिळेल त्याची पाटी लावायचं बघतो, भावही मोठ्या अक्षरात लिहू.

२०२४ च्या डिसेंबरात गेटवेहून इकडे येणाऱ्या बोटीचा अपघात झाला, तेव्हापासून लोक इकडे यायला आधीच बिचकतात. त्यात असं वाचलं तर आमच्याकडे कोण पाय ठेवणार? स्टार वाढवा म्हणत नाही, तेवढं ‘हाकललं’ काढता आलं तर काढा. आजींची पिशवी घेऊन आमचा मुलगाच जेटीपर्यंत आला होता, आणि तुम्ही सगळे बोटीत बसल्यावरच तो परत फिरला.