गर्जनेच्या पुत्रांचा वर्ग

आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या सभेत 'रागावर ताबा आणि दयाळूपणा' हा विषय घ्यायला कुणीतरी हवं होतं. पाळकसाहेब म्हणाले, "तुम्हीच घ्या, तुमचा स्वभाव शांत आहे." माझा स्वभाव शांत वगैरे काही नाही, मला ऐन वेळी उत्तर सुचत नाही, एवढंच. आणि हे सांगायचंही ऐन वेळी सुचलं नाही.

या विषयातली पहिली अडचण म्हणजे पवित्र शास्त्र, आपलं बायबल. राग वाईट असतो हे शिकवायला इतका गैरसोयीचा ग्रंथ दुसरा नसेल. उत्पत्तीच्या चौथ्याच अध्यायात भाऊ भावाचा जीव घेतो. पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस असं गणना 12 मध्ये ज्याचं वर्णन आहे, तो मोशे गणना 20 मध्ये खडकावर दोनदा काठी हाणतो आणि वचनदत्त देशाला मुकतो. येशूचा शिष्य पेत्र महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान छाटतो. प्रचाराच्या दौऱ्यावर बरोबर कुणाला न्यायचं यावरून पौल आणि बर्णबा यांचं असं वाजतं की दोघं दोन वाटांनी निघून जातात. याकोब आणि योहान या शिष्यांना तर खुद्द प्रभू येशूनं 'गर्जनेचे पुत्र' असं नाव ठेवलं होतं. एका शोमरोनी गावानं उतरायला जागा दिली नाही, तेव्हा या दोघांनी विचारलं, आकाशातून अग्नी पाडायचा का? मुलांना हे दोघं भलतेच आवडले.

अलीशा संदेष्ट्याला टकल्या म्हणून चिडवणाऱ्या पोरांपैकी बेचाळीस जणांना अस्वलींनी फाडलं, हे 2 राजे 2 मधलं प्रकरण मी मुद्दाम वगळलं होतं. मागच्या बाकावरच्या एकानं ते मोबाइलवर शोधून मोठ्यानं वाचलं, आणि वाचून झाल्यावर सावकाश माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"आणि सर, प्रभूनं मंदिरात सराफांचे चौरंग पालथे घातले, ते?"

या प्रश्नाची माझी तयारी होती. म्हटलं, योहान 2 काढा. दोऱ्यांचा कोरडा, म्हणजे चाबूक, केला, असं लिहिलंय. आता कोरडा वळायचा तर बसावं लागतं, पीळ घालावा लागतो. डोकं फिरलेला माणूस हाताला येईल ते फेकतो, दोऱ्या वळत बसत नाही. शिवाय मार्क 11:11 बघा. आदल्या संध्याकाळी तो मंदिरात येतो, सगळं नीट पाहून घेतो, उशीर झाला म्हणून बेथानीला परत जातो. चौरंग उलटतात ते दुसऱ्या दिवशी. मधे अख्खी रात्र गेली!

मुद्दा बिनतोड होता. वर्ग क्षणभर गप्प झाला, मीही जरा खुर्चीत मागे रेललो.

"पण सर, इफिस 4:26 मध्ये तर सूर्य मावळायच्या आत राग संपवा असं आहे ना?"

तरुण संघात असा एक वकील असतोच. त्याला म्हटलं, बाबा, राग येऊच नये असं पौल म्हणतच नाही. राग मुक्कामाला ठेवू नका, त्याचं अंथरूण घालू नका, एवढंच म्हणतो. पुढच्याच वचनात सैतानाला वाव देऊ नका असं का सांगितलंय, तर राग जिथे वस्तीला राहतो तिथे हा दुसरा पाहुणाही येतो. वकिलानं ऐकून घेतलं आणि त्यातून सोयीचा अर्थ काढला: सूर्यास्तानंतर भांडण केल्यास जवळपास चोवीस तासांची मुदत मिळते.

मग आलं मृदू उत्तर. मृदू उत्तरानं कोप शांत होतो, असं नीतिसूत्रे 15:1 सांगतं. करून बघू म्हणून दोघांना उभं केलं. गायनपथकात गिटार कोण वाजवणार यावर भांडायचं, आणि एकानं मृदू बोलायचं. हा वाद त्या दोघांत खराखुरा चालू आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला ओरडला, "दर वेळी तूच का?" दुसऱ्यानं मान किंचित तिरकी केली, डोळे अर्धवट मिटले आणि साखरेत घोळवलेल्या आवाजात म्हणाला, "मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन हं."

आमच्या मंडळीत या वाक्यापेक्षा जहाल शिवी नाही. बाहेरच्यांना त्यात काय एवढं असं वाटेल. पण विशिष्ट सुरात म्हटलं की त्याचा अर्थ होतो, 'तुझं आता माणसांच्या हाती काही राहिलेलं नाही.' वर त्याला उलट उत्तरही देता येत नाही. प्रार्थना करू नकोस, असं कोण कुणाला म्हणणार? मोठ्या माणसांच्या बैठकांतही मी हे अस्त्र सुटताना पाहिलंय, आणि समोरचा जाग्यावर लाल होताना पाहिलाय. माझं तर मत आहे की ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याला ती सांगायला बंदीच असावी.

पहिला तडक बाहेर जाऊन पायरीवर बसला.

दयाळूपणाचा गृहपाठ मी आदल्याच आठवड्यात दिला होता: गुपचूप एक चांगलं काम करा, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. आता त्याचा आढावा. एकानं एका आजोबांचं सामान उचलतानाचा फोटो स्टेटसला ठेवला होता, खाली मत्तय 6:3. फोटो कोणत्या हातानं काढला, हे मी विचारलं नाही. दुसऱ्यानं न सांगता घरातली भांडी घासली, तर त्याच्या आईचा मला फोन. "सर, यानं काय फोडलंय ते तुम्हाला माहीत असेल तर आत्ताच सांगा. मी ओरडणार नाही." एका मुलीनं धाकट्या बहिणीला दिवसभर एकही टोमणा मारला नाही, बहीण घाबरून आजीजवळ जाऊन झोपली.

शेवटी लूक 15 घेतला. उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना पाठ: धाकटा पैसा उधळून घरी परततो आणि बाप पुष्ट वासरू कापून मेजवानी देतो. पण माझं काम होतं थोरल्याशी. तो रागावून आत येईना, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि गोष्ट तिथेच थांबते. तो आत गेला की नाही, लिहिलेलंच नाही. मी विचारलं, काय वाटतं?

वर्ग दुभंगला. त्याला साधं करडूसुद्धा कधी मिळालं नव्हतं, कशाला जाईल, असं अर्धे म्हणाले. वकिलानं वारसाहक्काचा मुद्दा काढला. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "बाप बाहेर आला म्हणून निदान बोलणं तरी झालं. आत बसून हाका मारल्या असत्या तर तेही झालं नसतं."

यावर गिटारवाला उठला. मला वाटलं, पाणी प्यायला चाललाय. दारातूनच त्याचा आवाज आला.

"चल आत. पुष्ट वासरू संपत आलंय."

"आधी माफी माग."

"मागितली."

"ऐकू नाही आली."

"किती वेळा मागू? सातांच्या सत्तर वेळा?"

"ते माफ करणाऱ्यासाठी आहे, मागणाऱ्यासाठी नाही. मत्तय 18 वाच नीट."

"वाचीन. पण गिटार या रविवारी तू वाजव."

"आणि पुढच्या?"

"पुढच्या रविवारी मी. एवढाही काही मी दयाळू नाही."