ऑफिसच्या वायफायवर मेसेज टाकला म्हणून तुरुंग?

वहिनी रोज अकराच्या सुमारास ऑफिसातून घरी मेसेज टाकायची, "आई, शुगरची गोळी घेतलीत का?" गेले दोन आठवडे तो मेसेज बंद. परवा आईची गोळी चुकली. विचारलं तर म्हणाली, "भाऊजी, नवा नियम आलाय. फोन बंद करूनच पर्समध्ये ठेवते. तुरुंगात कोण जाईल?" आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मेसेज दाखवला. ऑफिसच्या ग्रुपवर तो टाकला होता खुद्द एचआरच्या माणसाने. डोकं फिरलं ते यामुळे.

मेसेजमध्ये चार गोष्टी आहेत. ऑफिसच्या वायफायवरचा प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज कंपनी वाचते, तिसरी निळी टिक आली की वाचला समजा. ऑफिसच्या वेळेत नेटचा खासगी वापर केला तर आयटी कायद्याच्या कलम 66अ खाली 3 वर्षं कैद. इन्कॉग्निटो विंडोत, म्हणजे ब्राउझरच्या हिस्ट्री न ठेवणाऱ्या खिडकीत, केलेलं कुणालाच दिसत नाही. आणि नेट कंपनीचं, म्हणून काय बघतो हे सांगायची कंपनीला गरज नाही.

आधी कैदेचं बघू. हे कलम आज अस्तित्वातच नाही. श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. निदान आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी तरी हे विसरू नये. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. लाइक केलं म्हणून अटक! त्या अटकेनंतरच श्रेया सिंघल यांनी या कलमाविरुद्ध याचिका दाखल केली. कलम रद्द झाल्यावरही त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते, 2021 मध्ये न्यायालयाने त्यावर तीव्र नाराजी दाखवली. आणि कलम लागू होतं तेव्हाही ते आक्षेपार्ह, धमकीच्या मजकुरासाठी होतं. सासूला गोळीची आठवण करून देण्यासाठी नव्हतं. कंपनीचा नियम मोडला तर कंपनी समज देईल, मेमो देईल, चौकशी करून कामावरून काढेलही. त्यात पोलिस कुठून आले?

गेली बारा वर्षं मी कंपन्यांची नेटवर्क सांभाळतोय. घरच्या फायरवॉलचा, म्हणजे नेटवरची ये-जा तपासणाऱ्या पहारेकऱ्याचा, लॉग (नोंदवही) उघडून वहिनीला तिच्याच मेसेजची ओळ दाखवली: वेळ, फोनचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर), व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरचं नाव, किती केबी गेले. बस. ऑफिसच्या वायफायवरही एवढंच दिसतं. "गोळी" हा शब्द त्यात नाही, कारण 2016 पासून व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. तिसरी टिक तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नाहीच.

एक मात्र कबूल करावं लागेल. हेच व्हॉट्सअ‍ॅप ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडलं आणि त्यात स्क्रीनचे फोटो घेणारं सॉफ्टवेअर असलं, तर मेसेज दिसू शकतो.

इन्कॉग्निटोचा सल्ला घातक आहे. ती विंडो उघडली की क्रोमच लिहून सांगतं, तुमचा वापर तुमच्या मालकाला दिसू शकतो. मशीनवर हिस्ट्री उरत नाही, एवढंच. या भरवशावर ऑफिसच्या लॅपटॉपवरून दुसरी नोकरी शोधणारी पोरं मी पाहिली आहेत.

राहिला सांगायची गरज नसल्याचा दावा. कंपनीने नियम जरूर करावेत. साइट बंद कराव्यात, ग्राहकांची माहिती खासगी मेलवर पाठवायला मनाई करावी. पण आधी सांगून. रोमानियात बार्बुलेस्कू नावाच्या इंजिनिअरला याहू मेसेंजरच्या खासगी वापराबद्दल कामावरून काढलं होतं. भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी झालेलं त्याचं बोलणंही कंपनीने वाचलं होतं. 2017 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. देखरेखीची, ती कितपत होणार याची पूर्वसूचना त्याला होती का, हे तिथल्या न्यायालयांनी नीट तपासलंच नव्हतं. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण वहिनीच्या ऑफिसात प्रश्न हाच आहे. तिथे नेटच्या वापराचा लेखी नियम आजवर कुणी पाहिलेला नाही. त्या जागी हा मेसेज फिरतोय.

वहिनी सोमवारी एचआरला अर्ज देणार आहे. तीनच प्रश्न लिहून दिलेत: ऑफिसच्या लॅपटॉपवर काय काय नोंदलं जातं, ते कोण बघतं, आणि किती दिवस ठेवतात.