सतरा वर्षांच्या पोराचा निकाल एका संध्याकाळीत कसा लावावा

हातात शुक्रवार संध्याकाळचं एक तिकीट आहे, अंगात जाड जॅकेट आहे आणि स्वतःच्या नजरेबद्दल मनात कसलीही शंका नाही? मग तुम्ही आइस हॉकीचे स्काउट, म्हणजे होतकरू पोरं हेरणारे, झालातच. कॅनडात आलेल्या आपल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात बर्फावर धड चालता येत नाही, दुसऱ्या हिवाळ्यात बर्फात गाडी काढता येते आणि तिसऱ्या हिवाळ्यात बर्फावर खेळणाऱ्या पोरांचं भवितव्य सांगता येऊ लागतं. स्केट कधी पायात घातले नसतील तर उत्तमच. खेळता येणाऱ्या माणसाला खेळ किती अवघड आहे ते माहीत असतं, आणि मग त्याला ठाम बोलता येत नाही.

थोडी पार्श्वभूमी लागेल, पण फार नको. कॅनडात ज्युनियर हॉकीच्या तीन मोठ्या लीग आहेत: एक ऑन्टारियोची, एक पश्चिमेची, एक क्वेबेक आणि पूर्वेच्या सागरी प्रांतांची. खेळणारी मुलं साधारण सोळा ते वीस वर्षांची. बरीचशी घर सोडून दुसऱ्या गावात, बिलेट म्हणतात त्या यजमान कुटुंबाकडे राहतात. दिवसा शाळा, संध्याकाळी सराव, रात्री बस. ऑन्टारियोत एका मोसमात असे ६८ सामने. मग अठरावं वर्ष आलं की एनएचएल या मोठ्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवी पोरं निवडायचा कार्यक्रम: ३२ संघ, सात फेऱ्या, २२४ नावं. या नावांसाठी संघांनी पगारी स्काउट ठेवलेले असतात. ते बिचारे वर्षाला दीडदोनशे सामने बघतात आणि तरी चुकतात. तुम्ही एकच बघणार आहात, म्हणजे चुकायला तेवढी जागाच कमी.

आधी बसायचं कुठे ते ठरवा. वर, कोपऱ्यात, जिथून सगळा रिंक दिसतो. खरे स्काउटही तिथेच बसतात, एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात लाइनअपचा कागद घेऊन. कागदावर अधूनमधून काहीतरी खरडत राहा. वाणसामानाची यादी केलीत तरी चालेल, लांबून कळत नाही. टाळ्या मात्र वाजवायच्या नाहीत. सडबरीच्या रिंकमध्ये घरच्या संघाने गोल केला की छताखालून तारेवर सरकत एक पेंढा भरलेला लांडगा बाहेर येतो आणि ओरडतो. पाच हजार माणसं त्याच्याबरोबर ओरडत असताना तुम्ही चेहरा तसाच ठेवून मान जराशी तिरकी करायची. एवढं जमलं तर निम्मं काम झालं. शेजारचे लोक तुम्हाला विचारायला लागतील, ‘कुठल्या संघाकडून आलात?’ हसायचं आणि उत्तर द्यायचं नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं: सामन्याआधी ड्राफ्टच्या पोरांची क्रमवार यादी वाचून जा. एनएचएलचं सेंट्रल स्काउटिंग नावाचं खातं १९७५ पासून हे काम करतंय. मोसमाच्या मध्यावर एक यादी, शेवटी दुसरी. शिवाय प्रत्येक क्रीडावाहिनीची आपापली असतेच. कोरे डोळे घेऊन सामन्याला जाणं हा नवशिक्याचा दोष. कोण चांगला आहे ते आधीच माहीत असलं की तो चांगला का आहे, एवढंच शोधायचं उरतं.

समजा, यादीतल्या तिसऱ्या नंबरच्या मुलाने निळ्या रेषेपाशी पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, थांबवला, इकडेतिकडे बघितलं आणि मागे देऊन टाकला. लिहा: ‘खेळाचा वेग स्वतः ठरवतो.’ ऐंशीव्या नंबरच्याने हेच केलं तर लिहा: ‘दबावाखाली निर्णय घेत नाही.’ तिसरा तिघांना चकवायला गेला आणि पक घालवून बसला, तर धाडस आहे, कल्पकता आहे. ऐंशीवा तसाच घालवून बसला, तर पक मॅनेजमेंट कच्चं. तिसरा कोपऱ्यातल्या धक्काबुक्कीत शिरला नाही? ऊर्जा राखून ठेवतो, मोठ्या सामन्यांचा खेळाडू दिसतोय. ऐंशीवा शिरला नाही? कम्पीट लेव्हल, म्हणजे झुंजायची जिद्द, कमी.

‘कम्पीट लेव्हल’ हे शब्द पाठच करा. ते मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही, त्यामुळे कोणी वाद घालू शकत नाही. मुलगा पक मिळवायला पळाला नाही, तर कम्पीट लेव्हल कमी. पळाला पण मिळाला नाही, तर कम्पीट लेव्हल आहे पण हॉकी आयक्यू नाही. पळाला, मिळाला, गोलही केला, तर समोरचा डिफेन्समन फार हळू होता. आणि मुलाबद्दल काहीच सुचलं नाही तर ‘प्रोजेक्ट’ म्हणा. प्रोजेक्ट म्हणजे सहा फूट चार इंच उंचीचा, अजून काहीही न जमणारा मुलगा. पाच फूट नऊ इंचाच्या, काहीही न जमणाऱ्या मुलाला प्रोजेक्ट म्हणत नाहीत.

उंचीचं निघालंच आहे तर सामना सुरू व्हायच्या आधी मुलाचे आईवडील कुठे बसलेत ते हेरून ठेवा. वडील दारातून वाकून आत येत असतील तर मुलगा अजून वाढणार. ही थट्टा नाही, पगारी स्काउटही आईबापांची उंची बघून ठेवतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला गेलेली आपली माणसं आणखी काय करतात? अर्धा तास बसायचं, घराणं बघायचं, चालून दाखव म्हणायचं आणि जिन्यावरून उतरता उतरता निर्णय सांगायचा. इथे फक्त मुलगा चालत नाही, घसरतो.

पाच फूट आठ इंचाच्या मार्टिन सेंट लुईला एकाही संघाने ड्राफ्ट केलं नव्हतं. २००४ मध्ये तो लीगमध्ये सर्वाधिक गुणांचा मानकरी ठरला, सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी घेऊन गेला आणि वर लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनली कपही जिंकला. कोणी हे तोंडावर फेकलं तर ‘अपवाद’ म्हणायचं. सॅम बेनेटला २०१४ मध्ये ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत एकही पुल-अप काढता आला नाही. देशभर चर्चा झाली, पोराच्या दंडांवर तज्ज्ञ बोलले. २०२५ मध्ये स्टॅनली कपच्या प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी त्याच दंडांनी उचलली. हाही अपवाद. अपवादांची वही वेगळी ठेवा, लवकर भरते.

पत्रिकाही बघाच. कॅनडात लहान मुलांच्या हॉकीत वय १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीतला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. आठव्या-नवव्या वर्षी ते वर्ष म्हणजे डोकंभर उंची. मोठा दिसतो म्हणून चांगल्या संघात घेतात, चांगल्या संघात गेल्यामुळे बर्फ, म्हणजे खेळायला वेळ, जास्त मिळतो, बर्फ जास्त मिळाल्यामुळे तो खरंच चांगला होतो. आल्बर्टातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये हे आकड्यांनिशी मांडलं. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे डिसेंबरच्या मुलाकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं. छे! जानेवारीच्या मुलांना आपण मुळातच गुणवान समजायचं असं ठरलेलं आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका निबंधासाठी सगळी व्यवस्था कशाला बदलायची? शिवाय ड्राफ्टची तारीख आणखी वेगळी, १५ सप्टेंबर. ऑस्टन मॅथ्यूज जन्मला १७ सप्टेंबर १९९७ ला, म्हणून दोन दिवसांसाठी वर्षभर थांबला आणि २०१६ मध्ये पहिल्या नंबरवर गेला.

सामना सुरू झाल्यावर एक अडचण येते, तीही सांगून ठेवतो. मुलगा दिसतच नाही. एक शिफ्ट जेमतेम पाऊण मिनिटाची. तो येतो, धापा टाकतो, बाकावर जाऊन बसतो. साठ मिनिटांच्या सामन्यात फॉरवर्ड पंधरा-वीस मिनिटं बर्फावर, आणि त्यातही पक त्याच्या स्टिकवर सगळा मिळून मिनिटभर. त्या मिनिटात तुम्ही ग्रेव्ही घातलेल्या फ्राइजच्या रांगेत असण्याची शक्यता दाट. घाबरू नका. बाकावर बसलेला असताना त्याची देहबोली बघा. मान खाली असेल तर मनाने कमजोर. मान वर असेल तर चुकीची लाज नाही. पाणी पीत असेल तर फिटनेस.

काल रात्री त्याचा संघ कुठल्या गावाहून किती तास बसमध्ये बसून आला, हा तीन दिवसांतला तिसरा सामना आहे का, सोमवारी गणिताची परीक्षा आहे का, समोरच्या संघाचा माणूस शिक्षा भोगत बाहेर असताना, म्हणजे पॉवर प्लेवर, कोचने त्याला का ठेवलं नाही, शेजारी खेळणारा त्याचा सेंटर आजच दुसऱ्या संघाला ट्रेड झालाय का, असले प्रश्न विचारत बसलात तर दुसरा सामना बघावा लागेल. मग तिसरा. असंच करत करत माणसं हाकन अँडरसन होतात. डेट्रॉइटचा हा स्वीडिश स्काउट रशियात दिमित्री कालिनिन नावाच्या डिफेन्समनला बघायला गेला आणि समोरच्या संघातलं एक किरकोळ अंगाचं पोर त्याच्या नजरेत भरलं. दोन वर्षं ड्राफ्टमध्ये त्या पोराला कोणी हात लावला नव्हता. १९९८ मध्ये डेट्रॉइटने त्याला सहाव्या फेरीत, १७१ व्या नंबरवर घेतलं. तो पावेल दात्सुक, पुढे लीगमधल्या थोर खेळाडूंत गणला गेला. पुढच्याच वर्षी याच अँडरसनच्या सांगण्यावरून २१० व्या नंबरवर हेन्रिक झेटरबर्ग, तोही तसाच निघाला. आता सांगा, असल्या माणसाकडून काय शिकायचं? गेला एकाला बघायला आणि बघून आला दुसऱ्यालाच. शिस्त नाही.

१७१ हा आकडा मात्र टिपून ठेवा. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस किंग्जने याच नंबरवर लूक रोबिटाय घेतला, ज्याने पुढे ६६८ गोल केले. त्याच ड्राफ्टमध्ये किंग्जनी त्याच्या आधी, ६९ व्या नंबरवर, टॉम ग्लॅव्हिन घेतला होता. ग्लॅव्हिनही थोर निघाला, ३०५ सामने जिंकून हॉल ऑफ फेममध्ये गेला. बेसबॉलच्या. गुणवत्ता ओळखली होती, खेळ तेवढा चुकला.

उलट बाजूला अलेक्झांडर डेग. १९९३ मध्ये ओटावाने पहिल्या नंबरवर घेतला, कोट्यवधी डॉलरचा करार दिला, आणि पोरगं म्हणालं की दुसऱ्या नंबरवर कोण गेला ते कोणी लक्षात ठेवत नाही. दुसऱ्या नंबरवर ख्रिस प्रॉन्गर गेला होता, हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे. इथे लोक डेगला हसतात. अठरा वर्षांच्या पोराला तो एवढा मोठा आहे असं कोणी सांगितलं, ते मात्र कोणी विचारत नाही, आणि तुम्हीही विचारू नका. ते सांगणारे आपल्याच धंद्यातले.

कागदावर आपल्याकडचं आडनाव दिसलं तर सगळे नियम रद्द, हे उघड आहे. पंजाबी मंडळींनी याची सोय आधीच करून ठेवली आहे, २००८ पासून त्यांना हॉकीचं समालोचन टीव्हीवर पंजाबीत ऐकायला मिळतं. आपण अजून मंडळाच्या गणपतीत साउंड सिस्टीम कोणाची यावर आहोत. सरे गावचा अर्शदीप बैन्स २०२१-२२ मध्ये वेस्टर्न लीगमध्ये ११२ गुण करून सगळ्यांच्या वर राहिला. ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघाने घेतलं नव्हतं. शेवटी व्हँकुव्हरने थेट करार केला आणि २०२४ मध्ये तो एनएचएलमध्ये खेळला. त्याचे ज्युनियरमधले सामने एकेकदा बघून ‘ठीक आहे’ लिहिणारे किती असतील? त्यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की फ्राइजची रांग मोठी होती.

दुसऱ्या पिरियडमध्ये तुमच्या पुढच्या ओळीत एखादी बाई बसलेली दिसेल. अंगावर संघाचा स्वेटर, पाठीवर १९ नंबर, आणि १९ नंबरचा मुलगा धडकून पडला की तिचा हात तोंडावर जातो. ती त्याची आई असेल किंवा बिलेट आई, जी आज दुपारी त्याला पास्ता खाऊ घालून आली आहे. नेमकं याच वेळी शेजाऱ्याला मोठ्याने सांगा, ‘एकोणीस? डावखुरा आहे, पण मऊ आहे.’ ती मागे वळून बघेल. नजर चुकवायची नाही, अभ्यासू माणूस वाटलं पाहिजे. ती काही बोलणार नाही. या पोरांच्या आया असल्या वाक्यांना पहाटे पाचच्या सरावांपासून सरावलेल्या असतात.

तिसरा पिरियड पुरा बघायची गरज नाही. दहा मिनिटं उरली की निघा, पार्किंगमधून बाहेर पडायला सोपं जातं. अहवाल गाडीतच लिहा, हीटर सुरू करून. एकोणीस नंबरने तुम्ही गेल्यावर दोन गोल केले तरी लिहिलेलं खोडू नका, नाहीतर लोक म्हणतील याला स्वतःचं मत नाही. ‘सातत्य नाही’ एवढं जोडा म्हणजे दोन्ही गोल त्यात बसतात. आणि पाच वर्षांनी उपयोगी पडतील अशी दोन वाक्यं आत्ताच तयार ठेवा. पोरगा चमकला तर ‘मी तेव्हाच म्हणालो होतो.’ नाही चमकला तर ‘डेव्हलपमेंट चुकली, संघाने वाट लावली.’

बहुतेक पोरं एनएचएलपर्यंत पोचत नाहीत. लीगकडून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर कोणी विद्यापीठात जातो, कोणी शिक्षक होतो, कोणी गावात परत येऊन हीटिंगचा धंदा टाकतो. जानेवारीच्या एखाद्या रात्री तुमच्या घरची फर्नेस बंद पडेल आणि दारात सहा फूट उंच, रुंद खांद्यांचा एक माणूस हत्यारांची पेटी घेऊन उभा राहील. तो तासभर तळघरात बसेल, पंखा बघेल, बर्नर बघेल, पाइपला कान लावेल आणि वर येऊन सांगेल, ‘आत्ता चालू करून दिली आहे. पण बिघाड नेमका कुठे आहे ते एकदा बघून सांगता येणार नाही. परवा पुन्हा येतो.’ असल्या माणसाला पुन्हा बोलावू नका. फोनवरच ठाम सांगणारे पुष्कळ मिळतात.