आखूड रनर, नऊ घोडे आणि आपला उन्हाळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि तापलेलीही आहे, त्यामुळे उत्तर दोन ओळींत आटोपणार नाही. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की रस्त्यावरच्या गाडीला नुसता आफ्टरमार्केट (कंपनीबाहेरचा) इंटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा पाइपांचा संच, बसवून पैसे घालवू नका. त्यावर अकोल्याच्या या वाचकांचं म्हणणं असं : त्यांच्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकला आखूड रनरचा (रनर म्हणजे एकेका सिलिंडरकडे जाणारा पाइप) ॲल्युमिनियम मॅनिफोल्ड बसवल्यावर पुण्यात डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, नऊ बीएचपी (घोडे) वाढले. हवेच्या लाटाबिटा हा पुस्तकी पसारा आहे, पाइप मोठा आणि आखूड असला की हवा जास्त, विषय संपला. आणि शेवटी, ‘ट्रॅक्टरच्या गावात बसून रेसिंग शिकवू नका.’

ट्रॅक्टरपासूनच सुरू करू, तो मुद्दा वाटतो तेवढा वाईट नाही. ट्रॅक्टरचं इंजिन दोन-सव्वादोन हजार आरपीएमवर (मिनिटाला फेरे) दिवसभर राबतं. त्याचा मॅनिफोल्ड पाहा, एक सरळ ठोकळा आणि त्याला भोकं. तिथे रनरची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजायची गरज कुणाला पडत नाही. गाडीच्या इंजिनाला ती गरज पडते, आणि सुई सहा-सात हजारांकडे गेली की जास्तच, कारण तिथे हवेला आत शिरायला वेळच उरत नाही.

आता लाटा. विहिरीवरची मोटर चालू असताना पाइपाच्या टोकाचा कॉक एकदम बंद करा. पाइप जागच्या जागी उडी मारतो, कारण अडवलेल्या पाण्याचा ठोका उलटा मागे धावतो. हे पाहायला पुस्तक लागत नाही, आपल्या कोणत्याही ओलिताच्या वावरात दिसतं. हवेचंही तसंच. पिस्टन खाली जाताना रनरमध्ये ओढ बसते. ती कमी दाबाची लाट आवाजाच्या वेगाने प्लेनमकडे, म्हणजे सगळे रनर जिथे मिळतात त्या डब्याकडे, पळते, तिथे रनरचं उघडं तोंड लागलं की उलटते आणि जास्त दाबाची होऊन वाल्वकडे परत येते. वाल्व मिटायच्या ऐन आधी पोचली तर सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबून जाते. उशीर झाला तर बंद वाल्ववर आपटून वाया.

हिशोब करूनच पाहू. ओढ जोरात बसल्यापासून वाल्व मिटेपर्यंत क्रँक अंदाजे १०० अंश फिरतो असं धरा. ७००० आरपीएमला तेवढं फिरायला २.३८ मिलिसेकंद लागतात. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर तेवढ्या वेळात लाट ८२ सेंटीमीटर जाते, म्हणजे जायचे ४१ आणि यायचे ४१. हीच मोजणी ५००० आरपीएमला केली तर एका बाजूची लांबी ५७ सेंटीमीटरवर जाते. यात सिलिंडर हेडमधला पोर्टही (वाल्वपर्यंतची वाट) आला, तो विसरू नका. एवढा लांब पाइप बॉनेटखाली मावत नाही, म्हणून कंपन्या दुसऱ्या-तिसऱ्या परतीवर भागवतात. त्या लाटा अशक्त असतात, पण आखूड पाइपात जुळतात. मुद्दा एवढाच की लांबी ठरली की कोणत्या आरपीएमला फायदा मिळणार तेही ठरलं. सगळीकडे फायदा देणारी एकच लांबी नसते. म्हणून तर १९९१ साली ल मानची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बीच्या इंजिनाला चालता चालता लांबी बदलणारे इंटेक पाइप होते. आखूड पाइप सगळीकडेच भारी असता तर ती भानगड कुणी काऊन केली असती?

सगळ्यात बोलकं उदाहरण जुनं आहे. १९६० साली क्रायस्लरने ३०० एफ या गाडीला ३० इंच लांब रनरचा मॅनिफोल्ड दिला. त्यावर इंजिन ३७५ हॉर्सपॉवर द्यायचं आणि टॉर्क (ओढायचा जोर) होता २८०० आरपीएमला ४९५ पौंड-फूट. त्याच गाडीला ऐच्छिक म्हणून दुसरा मॅनिफोल्ड मिळायचा. बाहेरून जवळपास तसाच, पण आतल्या भिंतींचा अर्धा भाग काढलेला, म्हणजे लाटेच्या दृष्टीने रनर १५ इंचच. त्या इंजिनाची पॉवर गेली ४०० वर आणि टॉर्क घसरून ४६५ झाला, तोही ३६०० आरपीएमला. पंचवीस घोडे वर, तीस पौंड-फूट खाली. जाहिरातीत पहिला आकडा छापतात.

तुम्ही होंडाचाच दाखला दिलात, तर होंडाचंच घेऊ. अमेरिकेत विकलेल्या इंटेग्रा जीएसआरला दोन टप्प्यांचा मॅनिफोल्ड होता, खालच्या आरपीएमला लांब वाट आणि वर गेल्यावर आखूड. १७० हॉर्सपॉवर, टॉर्क १२८ पौंड-फूट ६२०० आरपीएमला. त्याच इंटेग्राच्या टाइप आरला होंडाने एकच आखूड वाटेचा मॅनिफोल्ड दिला. १९५ हॉर्सपॉवर आणि टॉर्क १३०, पण ७५०० आरपीएमला. हे वरचे २५ घोडे तुम्ही प्रतिक्रियेत सगळे मॅनिफोल्डच्या खात्यात जमा केलेत. पण टाइप आरचे वाल्व उघडणारे कॅम वेगळे, पिस्टन वेगळे, कॉम्प्रेशन १० वरून १०.६, पोर्ट हाताने घासलेले, रेडलाइन (आरपीएमची वरची मर्यादा) ८४०० पर्यंत नेलेली. इंजिन तिथवर फिरवायचं ठरवलं, मग तिथे जुळणारा मॅनिफोल्ड लावला. आपली पोरं नेमकं उलटं करतात. मॅनिफोल्ड आधी, बाकी ‘पैसे आले की’.

तुमची सिटी २००० साली आलेली दीड लिटरची, १०६ बीएचपीवाली, ती ताकद सुमारे ६८०० आरपीएमला. गाडी झकास आहे, वाद नाही. पण तुमच्याच प्रतिक्रियेत मध्ये एक वाक्य आहे : मॅनिफोल्डबरोबर हेडर्स (एक्झॉस्टचे मोकळे पाइप) बसवले आणि ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) ट्यूनिंगही त्याच दिवशी केलं. मग नऊमधले किती कुणाचे? आधीचा पुल (डायनोवरची एक मोजणी) फॅक्टरी सेटिंगवर आणि नंतरचा तिन्ही कामं झाल्यावर, असं असेल तर मॅनिफोल्डचा हिस्सा त्या कागदावरून कुणालाच काढता येणार नाही, ट्यूनरलाही नाही. शिवाय तुम्ही फक्त सगळ्यात वरचा आकडा लिहिलात. ३००० ते ५००० मध्ये रेष कुठे आहे? अकोल्याहून मूर्तिजापूरला जाताना ट्रकच्या मागून निघायचं असतं तेव्हा सुई तिथेच असते. समृद्धीवरसुद्धा १२० च्या मर्यादेत पाचव्या गिअरला साडेचार हजारांच्या वर जायचं काम नाही. तुमचे नऊ घोडे सात हजारांच्या तबेल्यात बांधलेले आहेत.

डायनोबद्दल आणखी एक गोष्ट, आणि आपल्या भागासाठी मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. डायनोवर गाडीचं बॉनेट उघडं असतं आणि समोर भला मोठा पंखा लावलेला असतो. आमच्या वणीकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, बॉनेट बंद असतं आणि समोर कोळशाचा ट्रक रांगत असतो. २५ अंशांची हवा ४५ अंशांवर गेली की घनता सहा टक्क्यांच्या वर उतरते. तुम्ही मॅनिफोल्डबरोबर जो उघडा कोन फिल्टर इंजिनाशेजारी लावलाय तो तर बाहेरची हवा घेतच नाही, रेडिएटरची उरलेली हवा घेतो. एका ओळखीच्याच्या गाडीत अशाच फिल्टरच्या तोंडाशी मी मल्टिमीटरची तापमानाची तार बांधली होती. बाहेर ४४, आणि वरोरा नाक्यावर रांगेत उभे असताना तारेवर साठच्या वर. ६५ धरा, म्हणजे २५ च्या मानाने घनता बारा टक्के कमी. ताकद अगदी तेवढीच पडत नाही, कारण पोर्टातून जाता जाता हवा तशीही तापते, निम्म्याच्या आसपास धरा. १०६ चे सहा टक्के किती होतात ते तुम्हीच काढा.

यावर दुसऱ्या एकाने खाली विचारलंय की त्यांच्या नव्या गाडीला कंपनीने ‘प्लास्टिकचा फालतू’ मॅनिफोल्ड दिलाय, तो काढून ॲल्युमिनियमचा लावू का. दादा, ते काचतंतू घातलेलं नायलॉन आहे. हलकं आहे, आतून गुळगुळीत आहे आणि हेडची उष्णता हवेपर्यंत कमी पोचवतं. चमकणारं ॲल्युमिनियम हीच उष्णता मन लावून पोचवतं. लावायचाच असेल तर हेड आणि मॅनिफोल्डमध्ये उष्णतारोधक स्पेसर टाका आणि फिल्टरला बंपरकडून थंड हवेचा पाइप द्या. तो पाइप चमकत नाही म्हणून कुणी घेत नाही.

फिल्टरवरून आठवलं. दिवाळीनंतर जिनिंगच्या रस्त्याने जा, हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. तेल लावलेल्या उघड्या फिल्टरवर ते असे चिकटतात की महिन्याभरात त्यावर पांढरी गोधडी दिसते. कंपनीचा बंद डबा कुरूप आहे खरा, पण तो हिंगणघाट-वणीच्या हंगामात टिकतो.

स्वस्त नकलांबद्दल तुम्ही म्हणता, ‘कास्टिंग ते कास्टिंग.’ तसं नाही. एका पोराने ऑनलाइन मागवलेला मॅनिफोल्ड आम्ही लेथवाल्याकडे सपाट प्लेटवर पालथा ठेवला. मधल्या दोन पोर्टांखाली फट मोजायच्या फीलर गेजची पाती या बाजूने घातली ती त्या बाजूने निघाली. तसाच बसवला असता तर तिथून चोरटी हवा शिरली असती, आयडलिंग वरखाली नाचलं असतं आणि मधले दोन सिलिंडर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालले असते. उन्हाळ्यात, फुल थ्रॉटलवर, लीन सिलिंडर म्हणजे नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) आणि पुढे पिस्टनला भोक. इंजेक्टरच्या जागा तिरप्या निघतात, आत वेल्डिंगचे थेंब राहिलेले असतात. बसवल्यावर इंजिन आयडलवर ठेवून जोडांवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की गळती तिथेच. एक्झॉस्टकडे मात्र फवारा नेऊ नका.

मग हे मॅनिफोल्ड कुणासाठीच नाहीत का? आहेत ना. हेडचं काम झालंय, कॅम मोठे आहेत, वाल्व स्प्रिंग बदलल्यात, रेव्ह लिमिट वर नेलीय आणि गाडी चेन्नई, कोइम्बतूर नाहीतर ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर जाते, अशा इंजिनाचा गळा कंपनीचा मॅनिफोल्ड खरंच आवळतो. तिथे आखूड, निमुळता रनर आणि इंजिनाच्या क्षमतेएवढं किंवा दीडपट प्लेनम लागतं, आणि तिथे मी स्वतः तेच सुचवीन. रस्त्यावरच्या सिटीला त्याच पैशात कूलिंग, सस्पेन्शन आणि चांगले टायर येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची (गाडीतल्या बदलांबद्दलचं) आणि विमा कंपनीची आठवण ट्यूनर कधी करून देत नाही, ती तुमची तुम्ही ठेवा.

तुम्ही ग्राफ टाकायला तयार आहात असं लिहिलंय, तर जरूर टाका. दोन्ही पुल एकाच कागदावर, २५०० पासून शेवटपर्यंत, पॉवर आणि टॉर्क दोन्हीच्या रेषा. शक्य असेल तर हेडर्स आणि ट्यूनिंग तसंच ठेवून जुना मॅनिफोल्ड परत लावून एक पुल घ्या, मग खरं कळेल. तुमची रेष चार हजारालाही वर निघाली तर मी ती इथेच वरती लावतो. ग्राफ पाठवताना त्या दिवशीचं तापमान आणि डायनोवाल्याने हवामानासाठी कोणता करेक्शन फॅक्टर लावला होता तेही लिहा, नाहीतर आकडे जुळणार नाहीत.