पाणी कोण तापवणार? माकडतापाच्या लेखावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुम्ही नाव घातलेलं नाही, डिचोलीचे एवढंच कळलं, म्हणून दादा म्हणते. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण रागात लिहिलं असतं म्हणून थांबले. आता सविस्तर लिहिते, लांबेल थोडं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या माकडतापाबद्दल लिहिलं होतं की पत्रकं वाटली, गाडीवर स्पीकर लावून फिरवला की जनजागृती झाली असं आपण धरून चालतो, पण लोकांशी बोलणं हा योजनेचाच भाग पाहिजे, पहिल्या दिवसापासून, सगळं ठरवून झाल्यावर वरून चिकटवायची गोष्ट नव्हे. त्यावर दादांचं म्हणणं असं, की लोकांना सगळं कळतं पण वळत नाही, तेव्हा दंड हाच उपाय, दंड नसता तर हेल्मेट कोणी घातलं असतं का. दुसरं, जागृतीच्या नावावर बॅनर आणि रॅलीवर पैसा उधळला जातो. आणि तिसरं, जे मला खरंच लागलं, की लोकांचं वागणं बदलायचा मक्ता तुम्हाला कोणी दिला, हा गोड भाषेतला सरकारी प्रचारच आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर भांडण नाही. शाळेतल्या मुलांना भर उन्हात बोर्ड धरून गावातून फिरवायचं, फोटो काढायचे आणि अहवालात 'जनजागृती केली' लिहायचं, हे मी पण पाहिलंय आणि मलाही त्याची चीड येते. पण त्याला मी संवाद म्हणतच नाही.

हेल्मेटचं तुमचं बरोबर आहे, तेही मान्य. हेल्मेट लांबून दिसतं, रस्त्यावर पोलीस उभा असतो, पावती फाडता येते. पण पहाटे सहाला काजूच्या भाटेत, म्हणजे बागायतीत, शिरणाऱ्या बाईने पायाला गोचिडी दूर ठेवणारं तेल लावलंय की नाही हे बघायला तुम्ही कोणाला उभं करणार? कुठल्या कलमाखाली दंड करणार?

माकडताप काय ते आधी सांगते, कारण तुमच्या प्रतिक्रियेत 'माकड चावल्याने होतो' असं आलंय आणि ते चूक आहे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि माणसं तापाने फणफणली, तेव्हा हा विषाणू सापडला. तो पसरतो गोचिडीतून. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात आणि तिथे जो वाकून काम करतो त्याला चिकटतात. आपल्याकडे २०१५ ला सत्तरीतल्या पाळी गावात साथ आली, पुढच्या वर्षी आणखी गावांत, आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रात दोडामार्गातल्या केर गावातही. मोसम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा. आणि फेणीसाठी बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलाच वेचतात, तोही पाचोळ्यातून, वाकून, दिवसभर. म्हणजे कामाची जागा आणि गोचिडीची जागा एकच!

आता २०१६ च्या मोसमातली गोष्ट सांगते. मी तेव्हा एका नर्सबाईंबरोबर घरोघर फिरत होते, पत्रकातला मराठी मजकूर मीच लिहून दिला होता. त्यात होतं, भाटेत जाताना हातापायांना डीएमपी तेल (गोचिडी दूर ठेवणारं) लावा, अंगभर कपडे घाला, घरी आल्यावर लगेच गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात भिजवा, मेलेल्या माकडाला हात लावू नका, ताप आला तर लगेच केंद्रात या. मजकूर बरोबरच होता, आजही त्यातला एक शब्द चुकीचा नाही.

एका घरात गेलो तर तेलाची बाटली खिडकीत, सील तसंच. घरातल्या मावशी पंचावन्नच्या आसपास, नुकत्याच भाटेतून आल्या होत्या, पायाला अजून पाचोळ्याची धूळ, नखं काजूच्या चिकाने काळी पडलेली. त्या कोकणीत बोलल्या, मी मराठीत लिहिते. म्हणाल्या, बाय, तेल लावून बी पिरगळायला घेतली की बोंडू हातातून सटकतो, आणि वास बोंडवाला लागतो, भट्टीवाला नाक मुरडतो, मग आमचा माल मागे पडतो. नर्सबाईंनी विचारलं, मग पायांना तरी? तर म्हणाल्या पायांना लावते की, कोण नको म्हणतं, पण तुम्ही हातापायांना सांगितलंत ना, हाताला जमेना म्हणून बाटलीच ठेवून दिली.

गोचीड पाचोळ्यातून वर चढते, म्हणजे आधी पायाला लागते. पत्रकात 'निदान पायांना तरी लावाच' एवढं एक वाक्य असतं तर बाटली उघडली गेली असती.

आंघोळीचं तर त्याहून पुढचं. मी विचारलं, आल्या आल्या आंघोळ का नाही करत? त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. दुपारी भाटेतून यायचं, चूल पेटवायची, सगळ्यांचं जेवण करायचं, भांडी, मग गुरं, आणि आंघोळ रात्री, सगळं आवरल्यावर, तोपर्यंत तेच कपडे अंगावर. 'पाणी कोण तापवणार?' एवढंच म्हणाल्या. नवरा पडवीत बसलेला होता, मुलगा मोबाइलवर. आणि मी पत्रक दिलं होतं त्यांच्याच हातात!

तुमचं ते 'कळतं पण वळत नाही' मला त्या पडवीत आठवलं होतं खरं तर. कळलेलं होतं मावशींना, आणि वळायला पाहिजे होतं घरातल्या बाकीच्यांनी, त्यांच्याशी तर कोणी बोललंच नव्हतं. पुढच्या पत्रकात मी वाक्य बदललं, 'भाटेतून माणूस घरी यायच्या आधी घरात असेल त्याने पाणी तापवून ठेवावं'. नर्सबाई तर पुरुष घरी असतील अशा वेळी मुद्दाम जायला लागल्या. सगळ्या घरांत पाणी तापायला लागलं असा माझा दावा नाही, पण त्या घरात मुलाने तापवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मावशी चार वाजता न्हाऊन केस पुसत बसल्या होत्या.

तेव्हा लस तरी होती. दोन डोस महिन्याच्या अंतराने, मग सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, पुढे दर वर्षी, शिवाय टोचलेला हात चांगलाच दुखायचा. रोजावर जाणाऱ्याला हात दुखला की दिवस बुडतो, म्हणून दुसऱ्या डोसाला माणसं गळायची, तेही आळसाने नव्हे. आणि २०२२ मध्ये ती लस देणंच थांबलं, कारण तिचा म्हणावा तसा उपयोग होत नव्हता. नेमकं औषध या तापावर नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करतात. मग हातात उरलं काय? तेल, कपडे, गरम पाणी, वेळेवर दवाखाना, म्हणजे सगळं माणसाच्या रोजच्या वागण्यावर आलं. अशा वेळी नीट बोलणं हेच काम असतं, आणि ते फुकट वा फालतू आहे असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

दंडाबद्दल, म्हणजे जबरदस्तीबद्दल, आपल्याकडे एक मोठा धडा आहे. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, टार्गेट लावून, कागद अडवून, धरून नेऊन. पुढच्या वर्षी आकडा १० लाखांच्याही आत आला. 'कुटुंब नियोजन' हा शब्दच इतका बदनाम झाला की खात्याचं नाव 'कुटुंब कल्याण' करावं लागलं. आणि त्याची किंमत किती वर्षं मोजली बघा, पुढे पोलिओचे थेंब आले तेव्हा उत्तर प्रदेशात कित्येक घरं दार उघडेनात, हे पण मूल न होण्याचंच औषध अशी अफवा. मग तिथे वस्तीतल्याच बायका घरोघर गेल्या, मशिदीतून आवाहन झालं, पोलिओबरोबर बाळाच्या बाकीच्या दुखण्यांचंही कोणीतरी ऐकून घेतलं, तेव्हा दारं उघडली. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात शेवटची केस सापडली, २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं.

हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. आपल्या मराठीतलंच उदाहरण देते. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळं चालवली, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली १५० गावं, दहा आठवडे, आठवड्याला दोन कार्यक्रम. गावातली वीसेक माणसं एकत्र बसून ऐकायची आणि लगेच त्यावर चर्चा करायची, चर्चेतले प्रश्न स्टेशनकडे जायचे. तुलनेला अशीही गावं घेतली होती जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं. मंडळवाल्या गावांत शेती-आरोग्याची माहिती कितीतरी जास्त वाढली. रेडिओ दोन्हीकडे बोलत होता, फरक पडला तो एकत्र बसून वाद घालण्याने. जवळपास ७० वर्षं झाली याला आणि आपण अजून स्पीकरची गाडीच फिरवतोय.

आता तिसरा मुद्दा, प्रचाराचा. यावर मी दोन दिवस विचार केला कारण तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे. पौष महिन्यात आमच्याकडे मांडावर, म्हणजे गावातल्या त्यासाठी राखलेल्या पवित्र जागेवर, धालो असतात, बायका गाणी म्हणत नाचायला रात्र रात्र जमतात, आणि तोच माकडतापाचा मोसम, तेव्हा एका बैठकीत कोणीतरी सुचवलं की धालोच्या चालीवर तेलाचं आणि गोचिडीचं गाणं बसवू या, बायका म्हणतील. मी विरोध केला. मांड ही त्यांची जागा आहे, तिथे चपला घालून कोणी जात नाही, तिथे आपण खात्याचं गाणं घेऊन घुसायचं म्हणजे त्यांची वस्तू उचलून आपल्या कामाला लावायची, आणि बायकांना ते पहिल्या ओळीलाच कळतं. आम्ही त्याऐवजी धालो संपल्यावर, चहा होताना, बाजूला बसून बोललो, ज्यांना ऐकायचं त्या थांबल्या, बाकीच्या गेल्या. कोणाला कसंही करून पटवायचंच असं ठरवून गेलं की तो प्रचार होतो, हे तुमचं म्हणणं मी घेते.

मेलेल्या माकडाचंही तसंच. हात लावू नका असं नुसतं छापलं तर लोक दुखावतात, कारण आपल्याकडे माकड म्हणजे मारुती, मेलं तर माणसासारखं मातीआड करतात, नारळ ठेवतात. नारळ ठेवा, पण लांबून, आणि आधी आरोग्य केंद्राला कळवा, असं सांगितलं तर तेच लोक फोन करतात.

पण सरकारचं बोलणं लोकांपर्यंत नेणं एवढाच संवाद, हे मला मान्य नाही. तुम्ही गोव्याचे, तुम्हाला २००६ आठवत असेल. 'प्रादेशिक आराखडा २०११' या नावाचा जमीन-वापराचा आराखडा तेव्हा अधिसूचित झाला आणि गावोगावच्या जमिनींवर काय रंग मारलाय हे कोणाला ठाऊक नव्हतं. गोवा बचाव अभियानातली माणसं नकाशे घेऊन गावांत गेली, हा डोंगर इथे सेटलमेंट, म्हणजे बांधकामाची जागा, दाखवलाय, हे शेत असं गेलंय, हे समजावून सांगत, आणि ज्यांनी आयुष्यात नकाशा वाचला नव्हता ते आपली भाट त्यावर बोटाने शोधू लागले. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा रद्द करावा लागला. पुढच्या 'प्रादेशिक आराखडा २०२१'चे नकाशे मग पंचायतींत ठेवून हरकती-सूचना मागवाव्या लागल्या. त्याचं पुढे काय झालं हा वेगळा आणि त्रासाचा विषय, पण तिथे खालून वर बोललं गेलं आणि धोरण बदललं. मावशींनी तेलाबद्दल सांगितलं तेही खालून वरच गेलं, प्रमाण छोटं एवढाच फरक. मक्ता कोणी दिला विचारता, तर मला पत्रक बदलायला लावण्याचा मक्ता मावशींकडे होता, आणि तो त्यांना दर वेळी मिळेल अशी सोय योजनेत पाहिजे, पैसे आणि माणसं धरून, एवढीच माझी मागणी आहे. आज ती सोय नाही. नर्सबाई हे सगळं स्वतःच्या वेळेत करत होत्या, त्यांच्या रजिस्टरमध्ये 'किती पत्रकं वाटली' याला रकाना होता, 'लोक काय म्हणाले' याला नव्हता. मावशींचं म्हणणं त्यांनी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं.

दादा, डिचोलीतही काजू आहे. तुमच्या ओळखीत कोणी भाटेत जाणारं असेल तर या मोसमात त्यांना एकदा विचाराल का, तेल मिळालं का, मिळालं तर कुठे लावतात, आणि घरी आल्यावर आंघोळीला किती वेळाने जातात. जे सांगतील ते इथेच खाली लिहा, माझ्या म्हणण्याच्या उलट निघालं तरी लिहा. त्या नर्सबाई आता दुसऱ्या केंद्रात आहेत पण वाचतात इथलं, त्यांनाही हवंय.