उन्हाळ्यातल्या गारा उन्हानंच घडतात

घाटाखालच्या चार गावांत वळीव झाला आणि त्यात गारा पडल्या, की व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: कोकणात गारा कधीच पडत नव्हत्या, एवढ्या उकाड्यात बर्फ होणं अशक्य, हापूस बुडवण्यासाठी विमानातून रसायन फवारतात, गार फोडली तर आत पावडरीची पांढरी कडी दिसतात, आणि शेजारच्या गावात पडून आपल्याकडे पडत नाहीत, म्हणजे त्या नेम धरून पाडलेल्या. यंदा हा निरोप मला भावकीतल्या तिघांनी पाठवला. तिघांचंही पोट कलमांवर आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

उकाड्याचा मुद्दा आधी, कारण सगळी गफलत तिथेच आहे. थंडीमुळे गारा पडत असत्या तर त्या जानेवारीत पडल्या असत्या. नुसत्या भरपूर पाण्यानं पडत असत्या तर आषाढात खळ्यात त्यांचा खच पडला असता. तसं होत नाही. वर चढत जावं तशी हवा किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. खाली ३३ अंश असले तरी पाच किलोमीटरवर पारा शून्यापाशी येतो. एप्रिल-मे महिन्यांत तापलेली दमट हवा खाऱ्या वाऱ्याबरोबर सह्याद्रीच्या भिंतीला भिडते आणि वर ढकलली जाते. वरच्या थरात कोरडी, गार हवा असली की या तापलेल्या हवेचा लोट सुटतो आणि ढग बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढतो. अशा ढगाच्या मधल्या थरांत पाण्याचे बारीक थेंब शून्याखाली दहा-वीस अंशांनाही पाणीच राहतात. एखादा बर्फकण त्यांना भेटला की ते त्याच्यावर आदळून तिथल्या तिथे गोठतात. कण फुगत जातो, खालून येणारा वारा त्याला झेलून धरतो, आणि वजन वाऱ्याला पेलेनासं झालं की गार सुटते. एक सेंटिमीटरची गार तोलून धरायलाच सेकंदाला दहा मीटरच्या आसपास वेगाचा उभा वारा लागतो. तो जोर उन्हाळ्यातल्या तापलेल्या दमट हवेत असतो. आषाढातल्या संथ, बुटक्या ढगांत तो नसतो.

पांढरी कडी खरीच असतात, पण ती हवेच्या बुडबुड्यांची. ढगात पाणी कमी असेल तिथे थेंब चटकन गोठतो आणि हवा आतच कोंडते, म्हणून तो थर दुधी दिसतो. पाणी भरपूर असेल तिथे गार वरून ओली राहते, सावकाश गोठते, बुडबुडे निसटतात आणि थर काचेसारखा होतो. घरच्या फ्रिजमधला बर्फाचा खडा उजेडात धरून बघा: कडेला स्वच्छ, मध्ये पांढरा. त्यात कुणी पावडर घातलेली नसते.

"कधीच पडत नव्हत्या" हेही खरं नाही. किनाऱ्यावर गारा विरळा, घाटपायथ्याला तुलनेनं जास्त. गारेला साडेचार-पाच किलोमीटर उबदार, दमट हवेतून खाली यावं लागतं आणि लहान गारा वाटेतच विरघळतात. वळवाचे पहिले टपोरे थेंब अंगाला थंडगार लागतात ना, त्यांतले काही अशाच विरघळलेल्या गारा असतात.

नेम धरण्याचं म्हणाल, तर गारांचा पट्टा ढगाच्या ऐन जोराच्या भागाखाली, ढग सरकेल तसा पडतो, बहुधा काही किलोमीटर रुंदीचा. वाडी सोडून वाडीत पाऊस पडलेला आपण सगळ्यांनीच पाहिला आहे.

विमानं मात्र हवेतली गोष्ट नाहीत. २०१५ मध्ये मराठवाड्यात दुष्काळासाठी कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला होता. पण त्यात आधीच तयार असलेल्या ढगात बीज, म्हणजे ज्यांच्याभोवती थेंब किंवा बर्फ जमतो असे रसायनाचे बारीक कण, टाकतात. तो उभा लोट विमान निर्माण करू शकत नाही. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात तर १९९६ पासून सिल्व्हर आयोडाइड हे असंच बीज गारपीट कमी करण्यासाठी फवारतात. त्याचा उपयोग किती होतो यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, पण हेतू गारा पाडण्याचा नाही.

या निरोपाचा मला राग येतो तो वेगळ्याच कारणासाठी. गारपिटीनंतरचे पहिले दोन दिवस बागायतदार "कुणी केलं" यावर घालवतो. फळपीक विम्यात गारपिटीचा जादा हप्ता भरला असेल तर नुकसान ७२ तासांत विमा कंपनीला कळवावं लागतं. मार बसलेली कैरी त्या संध्याकाळी पुष्कळदा धड दिसते, काळा डाग नंतर उमटतो. तो उमटायची वाट बघू नका. गारा वितळण्याआधी कलमाखालचा खच, फुटलेली फळं आणि चीक आलेले देठ यांचे फोटो काढा, आणि त्याच रात्री कळवा.