सहा महिन्यांत एक अल्बम

अमेरिकन गायक-संगीतकार एमिट ऱ्होड्सला लोक 'वन मॅन बीटल्स' म्हणतात. कौतुकानेच म्हणतात, पण मला ते नाव खटकतं. हयातभर दुसऱ्याच्या मापाने मोजला गेला बिचारा.

पॉवर पॉप म्हणजे गोड चाल, वर करकरीत गिटार आणि तीन मिनिटांत खेळ खलास. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नमध्ये आईवडिलांच्या घरामागच्या शेडमध्ये चार ट्रॅकचं, म्हणजे चार आवाज वेगवेगळे नोंदवणारं टेपमशीन मांडून विशीतला हा पोरगा ते एकटा करत होता. ड्रम्स, बास, पियानो, गिटार, गाण्यातले सगळे आवाज त्याचेच. आता लॅपटॉपवर कुणीही करतं, म्हणून अप्रूप राहिलं नाही. पण टेपवर पहिलं वाद्य वाजवताना सोबत कुणी नसतं, बाकीचं गाणं डोक्यातच ऐकायचं. तिथे लय जरा पळाली की वरचं सगळं तिच्यामागे पळतं. हेडफोन लावून त्याचा बास ऐका. नुसता ठेका धरत नाही, खालून आपली वेगळीच चाल गात असतो.

शेडमध्ये केलेला तो पहिला अल्बम डनहिल या रेकॉर्ड कंपनीने १९७० साली काढला. अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत २९व्या क्रमांकापर्यंत गेला. शेडमधल्या कामासाठी हे भारीच! पण करारात लिहिलं होतं, तीन वर्षांत सहा अल्बम. म्हणजे सहा महिन्यांना एक. सगळी वाद्यं स्वतः वाजवणाऱ्याला हे जमायचं कसं? दुसरा अल्बम १९७१ला आला, तिसरा १९७३ला. मधल्या काळात कंपनीने अडीच लाख डॉलरचा दावा ठोकला आणि रॉयल्टी अडवून धरली. तिसरा अल्बम आला तेव्हा पोरगा तेवीस वर्षांचा होता. पुढे दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करून देत राहिला.

"प्रतिभा आटली" असं कुणी लिहिलं की माझं डोकं फिरतं. आटली नाही हो, तिला हप्ते लावले!

आता कंपनी नाही, करार नाही, असं म्हणतात. पण एकट्याने अल्बम करणाऱ्याला आजही सल्ला काय मिळतो? दर महिन्या-दीड महिन्याला एक गाणं टाक, नाहीतर अल्गोरिदम विसरेल. त्यात २०२४पासून स्पॉटिफायवर वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचा छदामही मिळत नाही. म्हणून मी असल्या मंडळींचे अल्बम बँडकॅम्पवर विकत घेतो. तिथे डिजिटल विक्रीतले १५ टक्के साइट ठेवते, हिशोब समोर असतो. (घरात याला उधळपट्टी म्हणतात.)

ऱ्होड्सचा पुढचा अल्बम आला २०१६मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी. २०२०ला तो गेला. या शेवटच्या अल्बमवर जेसन फॉक्नर वाजवतो, जो स्वतः एकट्याने अख्खे अल्बम करणारा. ऱ्होड्सचा आवाज आता जड झालाय, जरा घोगरा. आणि ड्रम्सवर दुसरंच कुणीतरी आहे.